शब्द फार कळतात

"यात शब्द फार कळतात," आई म्हणाली आणि तिने तो स्पीकर दोन बोटांनी काउंटरवर मागे सरकवला.

दुकानदाराला वाटलं, काकूंची जीभ घसरली. मलाही तेच वाटलं. शब्द कळायलाच तर हवेत ना काकू, असं तो हसत म्हणाला, पण आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. पदर खोचला, पिशवी काखेत मारली आणि ती दुकानाच्या पायऱ्या उतरलीसुद्धा. मी ओशाळं हसून त्या माणसाच्या हातातून माझा फोन घेतला आणि तिच्या मागे धावले.

पेणच्या बाजारातलं ते दुसरं दुकान. एप्रिलचं ऊन डोक्यावर आलेलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझी हळद, शिंप्याकडून ब्लाउज यायचा बाकी, दुपारी मेंदी काढायला मुलगी येणार, आणि मी, म्हणजे प्रत्यक्ष नवरी, गाणी वाजवायच्या एका डब्यासाठी बाजारभर वणवण करत होते. एरवी लग्न तोंडावर आलं की नवरीला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. पण आईने सकाळीच जाहीर केलं होतं, की स्पीकर ती स्वतः पारखून आणणार आणि फोन चालवायला वैजू, म्हणजे मी, सोबत येणार. जिला घरातला टीव्ही कोणीतरी लावून द्यावा लागतो, ती बाई स्पीकर पारखणार. बाबांनी भुवया वर केल्या, पण मांडवाचे बांबू दारात येऊन पडले होते, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. मला एवढंच बजावलं, की आवाज स्वच्छ हवा, बायचा शब्द न शब्द मांडवाच्या शेवटच्या टोकाला लागला पाहिजे.

बाय म्हणजे आंबूबाय, आमच्या गावची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. ती हळदीच्या चौकापाशी बसून धवले गाते. आमच्या गावची रीत अशी, की आधी देवांना नाव घेऊन बोलवायचं, मग देवाघरी गेलेल्या माणसांना, मग जितीजागती नातीगोती. ज्याचं नाव धवल्यात आलं तो मांडवात आला असं आम्ही धरतो, मग तो डोळ्यांना दिसो की न दिसो. आईबाबांच्या लग्नात आंबूबायनेच धवले म्हटले होते आणि माझ्याही म्हणणार होती. पण महिन्याभरापूर्वी ती न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि लेकीच्या घरी अंथरुणाला खिळली. आसपास दुसरी धवलारीण उरली नव्हती. शेवटी बाबा फोन घेऊन तिच्या उशाशी जाऊन बसले, आमच्या घरची सगळी नावं तिला सांगितली आणि तिने पडल्या पडल्या अख्खा धवला म्हणून दिला. तो आता माझ्या फोनमध्ये होता. मी पहिल्या दोन ओळींपलीकडे ऐकला नव्हता. आपल्या हळदीचा धवला आपण हळदीलाच ऐकावा, असं मला आपलं वाटत होतं.

पहिल्या दुकानात आईने तीन स्पीकर ऐकले आणि तिन्ही नाकारले. तिची पारखायची तऱ्हाच वेगळी. मी धवला लावला की ती म्हणे, पुढे घे, अजून पुढे, आता थोडा मागे. मग दुकानातल्या पंख्याचा आणि माणसांचा गलका चालू असताना ती कान देऊन उभी राही, पण बघे मात्र स्पीकरकडे नाही, तर आजूबाजूच्या गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे. त्यांना काय कळतंय, याचा जणू तिला अंदाज घ्यायचा होता. मी फोनवर निरोपांना उत्तरं देत होते, त्यामुळे गाण्याकडे माझं लक्ष नव्हतं. तिथल्या पोरीने शेवटी एक छोटा, टिफिनच्या डब्याएवढा स्पीकर काढला आणि कौतुकाने सांगितलं, की हा पाण्यात पडला तरी याला काही होत नाही, वरच तरंगतो. आईने तो हातात घेतला होता. तिने तो एकदम खाली ठेवला आणि पदराला हात पुसले.

पाणी, बोट, वादळ हे शब्द आमच्या घरात जपून वापरायचे असत. माझा थोरला भाऊ हितेंद्रदादा मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. बोट वादळात उलटली. बाकीचे सापडले, काही जिवंत, काही नाही. दादा काही केल्या सापडला नाही. त्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. बाबा त्याच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. आई बोले, पण तिच्या बोलण्यात 'होता' कधी येत नसे. हितूला जवळा आवडतो, हितू अंगणातच झोपतो, हितूला पांघरूण लागत नाही. एखादी बाई सहज 'आवडायचा' म्हणून गेली, तर आई तिथल्या तिथे 'आवडतो' म्हणून घेई. त्यावरून घरात भांडण असं कधी झालं नाही, कारण आई आणि बाबा त्या विषयावर एकमेकांशी बोलतच नसत.

तर आता तिसरं दुकान. आई पुढे, मी मागे. माझी चप्पल चावत होती, घसा कोरडा पडला होता, आणि आईला धरून एकदा गदागदा हलवावं असं वाटत होतं. मी म्हटलं, आई, शब्द फार कळतात म्हणजे काय गो? कुठल्या जगात स्पीकरला असं नाव ठेवतात? ती म्हणाली, चल, बोलू नको, ऊन लागेल.

त्या दुकानाचा मालक मोकल नावाचा, आमच्याच समाजातला. माणूस मोठा चोखंदळ. खोक्यावर वॅटचा आकडा कोणीही छापतो म्हणाला, त्याच्यावर जायचं नाही. स्पीकर ओळखायचा तर आधी आवाज अगदी बारीक करून ऐकायचा, मग पूर्ण वर नेऊन. बारीक आवाजात शब्द बुडाला नाही आणि मोठ्या आवाजात फाटला नाही, तर तो स्पीकर. बाकी नुसती रोषणाई. कशासाठी हवाय विचारल्यावर मी धवल्याचं सांगितलं, तसा तो फुललाच. धवल्याला बेस नको मावशी, धवल्याला शब्द हवा, असं म्हणत त्याने आतून एक काळा, बिनदिव्यांचा, साधा दिसणारा स्पीकर आणला, पुसला आणि स्टुलावर ठेवला.

मी फोन जोडला. आंबूबायचा आवाज आला आणि मी पहिल्यांदा मान वर केली. म्हातारी जणू आमच्यातच खाट टाकून पडली होती. तिच्या बांगड्या खाटेच्या लाकडाला लागल्याचासुद्धा आवाज येत होता. आई म्हणाली, पुढे घे. मी घेतलं. मोकलने मात्र मला अडवलं. इथे उभं राहून काय कळणार, तुम्ही रस्त्यापलीकडे त्या बँकेच्या पायरीवर जा, मी इथून वाजवतो, शब्द कळले नाहीत तर मी हा विकत नाही, म्हणाला. आई घाईघाईने म्हणाली, तिला कशाला, राहू दे. पण मी एव्हाना इतकी कावले होते, की एकदाचं काय ते होऊन जाऊ दे म्हणून निघाले. एक मिनीडोर रिक्षा माणसं कोंबून चालली होती, ती जाऊ दिली, कलिंगडांची हातगाडी चुकवली आणि पायरीवर चढून मोकलला हात केला.

रस्त्याच्या सगळ्या कलकलाटातून आंबूबाय ऐकू येत होती. ती देवाघरच्या माणसांना बोलावत होती.

"नामदेव आज्या या, मांडवान या. काशी आजी या, मांडवान या."

मग ती थांबली. तिने श्वास घेतला, तोही मला तिथे ऐकू आला.

"हितेंद्र बाला ये, मांडवान ये."

मी तिथेच उभी राहिले. समोर आई दुकानाच्या दारात आली होती आणि माझ्याकडे बघत होती. मला ऐकू गेलं, हे तिला कळलं. मोकल तिच्या मागून अंगठा वर करून विचारत होता, कसं काय. मला रडू आलं नाही. मी बँकेच्या दाराची कडी तेवढी धरून ठेवली.

परत आले तेव्हा मोकलने विजयी मुद्रेने विचारलं, कळलं ना? मी म्हटलं, कळलं. आईने मला दंडाला धरून बाहेर पायरीवर आणलं. आईचं बोलणं मी इथे पुष्कळसं सरळ करून सांगतेय. आमच्या बोलीत ते फार थोडक्यात आणि फार लागेल असं होतं. त्यालाही आता इतकी वर्षं झाली, माझी मुलगी शाळेत जायला लागली, पण त्या पायरीवरचा तिचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"तुझा बाप अंगणात बसून ऐकत होता. मी आत तांदूळ निवडत होते."

मी म्हटलं, तेवढा तुकडा मी कापून टाकते, फोनवर सहज होतं, कोणाला पत्ताही लागणार नाही.

"धवला तोडायचा नाही," ती म्हणाली. "तोडलेल्या धवल्यावर तुझा संसार मांडू? अख्खा वाजू दे. फक्त तेवढं कळायला नको."

"मग बाबांना सरळ सांग ना. तुम्ही दोघं कधी बोलणार आहात?"

"काय सांगू? ते म्हणतील, नाव घेतलं नाही तर पोर बहिणीच्या मांडवाबाहेर उभा राहील. त्यांचंही खोटं नाही." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. "पण एकदा त्याला त्या माणसांत बोलावलं ना वैजू, की मग मला त्याला दुसरीकडून बोलावता येणार नाही."

मला बाबांचा राग आला, मग त्यांची दया आली, मग आईचा राग आला, आणि या सगळ्यात माझी हळद कुठे राहिली म्हणून स्वतःचीच कीव आली. हे सगळं त्या एका पायरीवर. मग मी आत गेले आणि मोकलला विचारलं, याच्यापेक्षा वाईट स्पीकर आहे का तुमच्याकडे?

त्याला आधी वाटलं मी थट्टा करतेय. मग त्याचा चेहरा उतरला. किमतीचं बघू, कमीजास्त करू, म्हणाला. किमतीचा प्रश्न नाही म्हटल्यावर तर तो बिचारा अगदीच गोंधळला. शेवटी त्याने टेबलाखालून एक मोठं धूड ओढून काढलं. चाकं लावलेलं, पुढे लाल-निळे दिवे फिरणारे. कोणीतरी परत आणून दिलं होतं आणि ते आता कंपनीकडे जायचं होतं. यात नुसती धडधड आहे ताई, माणूस बोलला तर पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, असं त्याने मला कानात सांगितलं. आई म्हणाली, लाव. आंबूबाय पिंपात गेली. तिचा सूर होता, ठेका होता, पण नावं सगळी एकमेकांत कालवून गेली होती. सकाळपासून आखडलेले आईचे खांदे पहिल्यांदा खाली आले.

"हाच," ती म्हणाली.

मोकल तो विकायला तयार होईना. लग्नघरात हे धूड वाजलं तर उद्या तुम्हीच सांगाल मोकलने दिलं म्हणून, असं त्याचं म्हणणं. मी त्याला शपथेवर सांगितलं, की तुमचं नाव आम्ही कोणाजवळ काढणार नाही. तेव्हा कुठे त्याने तो आमच्या मिनीडोरमध्ये चढवून दिला, आणि आम्ही वळेपर्यंत तो दारात उभा राहून मान हलवत होता.

घरी बाबांनी तो वाजवून बघितला आणि त्यांचं तोंड कडू झालं. हा काय आणलात, यात काही कळतंय का? मला आवडला, आई म्हणाली. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी मेंदीवालीकडे बघितलं. बदलून आणायला कोणाला वेळ नव्हता. त्या रात्री मला धड झोप लागली नाही, आणि आई तर अंथरुणाला पाठ टेकवायलाच आली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मला चौकात पाटावर बसवलं. मांडव गच्च भरलेला. बाबांची थोरली बहीण जनाआत्या बायकांच्या पुढे बसली होती, तिचा आवाज खाडीपलीकडे जाईल असा. मी फोन लावला, दिवे फिरायला लागले आणि धवला सुरू झाला. आधी देवांची नावं आली. ती सगळ्या बायकांना पाठ होती, त्यामुळे स्पीकर नुसता गुरगुरत असला तरी त्या मागून बरोबर म्हणत होत्या. मी आईकडे बघितलं. ती तबकातली हळद उगीचच कालवत होती.

मग देवाघरच्या माणसांची पाळी आली आणि सगळा घोटाळा झाला. धवला नुसता ऐकायचा नसतोच. धवलारणीने नाव घ्यायचं आणि बायकांनी ते नाव घेऊन ओळ परत म्हणायची, म्हणजे बोलावणं पुरं होतं. आता नावच कळेना तर मागून म्हणणार काय? आईने दोन दिवस सगळा विचार केला होता, एवढा एक केला नव्हता. पहिलं नाव आलं, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दुसरं आलं, कोणीतरी फिसकन हसलं.

"चांगुणा, कोणाचं नाव घेतलं गो बायने?" जनाआत्याने आईला मांडवभर ऐकू जाईल असं विचारलं.

बाबा खांबापाशी उभे होते ते पुढे आले. थांबा, मी सांगतो एकेक नाव, मला माहीत आहेत, म्हणाले. मी पाटावरून उठू शकत नव्हते, हात हळदीला पुढे केलेले. आई उठली, स्पीकरपाशी गेली, बटण सापडेना म्हणून तिने चाचपडत एकदोन भलतीच बटणं दाबली आणि शेवटी तो बंद केला. दिवे विझले. मग ती धवलारणीच्या जागेवर येऊन बसली.

आईला गळा नव्हता. तिने कधी पाळणासुद्धा मोठ्याने म्हटला नसेल. पण नावं स्पष्ट होती. नामदेव आज्या या, मांडवान या. बायकांनी मागून म्हटलं. काशी आजी या, मांडवान या. बायकांनी म्हटलं. एकेक करून घरातली सगळी गेलेली माणसं आली, आणि मग ती जागा आली. मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं, की इथे एक नाव येईल किंवा येणार नाही. आईने मान वर केली आणि फक्त बाबांकडे बघितलं. बाबांनी तिच्याकडे. कितीतरी वर्षांत मी त्या दोघांना असं एकमेकांकडे बघताना पाहिलं नव्हतं. नावं सांगायला पुढे आलेले बाबा परत खांबापाशी गेले.

आई पुढे गेली. देवाघरची माणसं संपवली आणि जित्या माणसांवर आली. आमच्याकडे याची रीत अशी, की नाव आलेल्या माणसाने तिथेच उठून यायचं आणि नवरीला हळद लावायची, त्याशिवाय पुढचं नाव घ्यायचं नाही. मामाचं नाव आलं, मामा येऊन लावून गेला. काकाचं आलं, काका लावून गेला. मग आईने पदर सावरला.

"नवरीचा भाऊस बोलवा. हितेंद्र भाऊस ये, हळद लाव ये."

बाहेर आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. मग जनाआत्याने ती ओळ मागून म्हटली, तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, आणि तिच्या पाठोपाठ सगळ्या बायकांनी म्हटली. हितेंद्र भाऊस ये, हळद लाव ये. माझा चुलतभाऊ मनीष, ज्याने भावाची हळद लावायची असं ठरलं होतं, तो अर्धवट उठला आणि परत बसला. माझ्यासमोरची जागा रिकामी राहिली. आई पुढचं नाव घेईना. तिची नजर मांडवाच्या दाराकडे होती आणि ती तशीच बसून राहणार होती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मला हुंदका आवरेना, मी तो आवरलाही नाही.

बाबा आले. गुडघे दुखत असल्यामुळे ते खांबाला धरून हळूहळू माझ्यासमोर बसले. तबकात हात घातला आणि माझ्या दोन्ही गालांना, मग हातांना हळद लावली.

"ही हितूची," ते आईकडे बघून म्हणाले.

आईने डोळे पुसले आणि पुढची ओळ धरली. लहू बापूस ये, हळद लाव ये. बाबांचं नाव तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. बायकांनी मागून म्हटलं. उठायला लागलेले बाबा पुन्हा खाली बसले आणि त्यांनी हळदीत दुसऱ्यांदा हात घातला.